ओल आणि गाडीची सीट

कोकणपट्टीत गाडीच्या सीटचे खरे नुकसान धुळीपेक्षा ओलीने होते. पनवेल परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. भिजलेल्या छत्र्या, रेनकोट, चिखलाचे बूट रोज गाडीत येतात. सीटच्या कापडाखाली पॉलियुरेथेनचा जाड फोम असतो. कापड तासाभरात हाताला कोरडे लागते, फोमच्या पोटातले पाणी मात्र कित्येक दिवस हटत नाही. दोन दिवस ओल टिकली की बुरशी धरते आणि गाडी उघडताच कुबट वास येतो. त्यावर सुगंधी बाटली टांगल्याने एकाऐवजी दोन वास येतात, एवढेच.

म्हणून सफाईआधी पाणी कुठून आले ते पाहावे लागते. पायाखालचे रबरी मॅट उचलून खालचे कारपेट दाबून पाहिले की बरेच कळते. पुढे डाव्या बाजूचेच कारपेट ओले असेल, तर बऱ्याचदा एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाने साचली, किंवा दाराच्या खालच्या कडेची बारीक भोके चिखलाने बुजली, तरी पाणी आत वळू शकते. हे दुरुस्त न करता कितीही शाम्पू केला तरी पैसे वाया.

कापडी सीट साफ करताना पहिला नियम कोरड्या कामाचा: शिवणीतली माती आणि बिस्किटांचा चुरा व्हॅक्यूम क्लीनरने आधी काढायचा. पाणी आधी लागले तर त्याचाच चिखल होऊन आत मुरतो. नंतर सौम्य शाम्पूचा नुसता फेस मऊ ब्रशने थोड्या थोड्या भागावर फिरवून लगेच मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपायचा. पाइप लावून सीट धुणे हा हमखास चुकीचा उत्साह आहे. फोममधले पाणी सहज निघत नाही, शिवाय सीटखाली एअरबॅग आणि बेल्टच्या सेन्सरच्या तारा असतात. काम ऐन पावसात करण्यापेक्षा उघडिपीच्या सकाळी करावे आणि चारही दारे उघडी ठेवून गाडी पूर्ण वाळवावी. ऊन नसेल तर पंखा लावावा. काचा बंद करून एसी चालवला तरी ओल कमी होते.

डागांचे गणित वेगळे. मिसळीच्या रश्श्याची हळद साबण किंवा सोड्यासारख्या अल्कली पदार्थाने लालसर होते, आणि पाहणाऱ्याला डाग वाढल्यासारखा वाटतो. आधी तेलकटपणा सौम्य द्रवाने काढून मग तो भाग उन्हात ठेवल्यास पिवळेपणा हळूहळू उडतो, कारण हळदीतला रंग प्रकाशात टिकत नाही. रक्ताला गार पाणीच वापरावे, कारण गरम पाण्याने त्यातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात. सांडलेले दूध त्याच दिवशी टिपून काढले नाही, तर आंबट वास फोममध्ये मुरतो. बॉलपेनच्या शाईवर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, मात्र आधी आडजागी लावून कापडाचा रंग उतरत नाही ना, ते पाहावे.

रेक्झिनच्या सीटमध्ये पाणी झिरपत नाही, पण शिवणीतून आत शिरते. उन्हात त्यातले मऊपणा देणारे द्रव्य उडून जाते आणि रेक्झिन कडक होऊन तडकते. काचेच्या आतल्या बाजूला साचणारा धूसर थरही काही अंशी अशाच द्रव्यांचा असतो. चामड्याला त्यासाठीचेच क्रीम लागते. खोबरेल तेल लावल्यास चकाकी येते, पण धूळ चिकटते.

नवे कव्हर चढवताना सीटच्या बाजूला एअरबॅग आहे का, ते पाहिल्याशिवाय शिवणी बंद करू नयेत. कव्हरने वाट अडली तर पिशवी नीट उघडणार नाही. सीटबेल्टला ब्लीच लावू नये, त्याने धागे कमजोर होतात. कोमट साबणपाण्याने पुसून तो पूर्ण वाळल्यावरच गुंडाळू द्यावा.