संगणकांच्या मान्यतेचा प्रश्न : कारणे आणि उपाय

एखाद्या विभागाची कार्यालये जिल्हा, तालुका व गाव अशा सर्व पातळ्यांवर विखुरलेली असली, म्हणजे तेथील प्रत्येक संगणकाची देखभाल माणूस पाठवून करणे अशक्य होते. त्यासाठी मध्यवर्ती व्यवस्थापनाची प्रणाली योजावी लागते. मायक्रोसॉफ्टची ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ ही अशीच एक प्रणाली होय. प्रत्येक संगणकावर तिचा ‘क्लायंट’ नावाचा प्रोग्रॅम बसविलेला असतो. तो मुख्यालयाच्या सर्व्हरकडून धोरणे घेतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या उतरवून घेतो आणि संगणकाचा तपशील परत कळवितो. तथापि क्लायंट बसविला म्हणजे काम संपले, असे नाही. त्या संगणकास मान्यताही मिळावी लागते, आणि अनेक अडचणी नेमक्या येथेच उद्भवतात.

महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात डोईफोडिया येथे एखादे उपकार्यालय आहे, असे उदाहरणादाखल समजू. तेथील संगणक मुख्यालयाच्या डोमेनमध्ये नाही. तो वर्कग्रुपमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे चालतो. क्लायंट व्यवस्थित बसला, संगणकाचे नाव मुख्यालयाच्या यादीत आले, यंत्राचा तपशीलही येऊ लागला. परंतु पाठविलेले सॉफ्टवेअर मात्र तेथे पोहोचत नाही. गावातील कर्मचारी इंटरनेटला दोष देतो, तर मुख्यालय क्लायंट पुन्हा बसविण्यास सांगते. वास्तविक दोष या दोहोंतही नसतो. यादीतील ‘अप्रूव्हड’ हा रकाना पाहिला असता, त्या संगणकास मान्यताच नसल्याचे आढळून येते.

मान्यता कशासाठी?

मुख्यालयाकडून जाणाऱ्या काही धोरणांत खात्यांचे सांकेतिक शब्द व तत्सम गोपनीय मजकूर असतो. तो अनोळखी यंत्राच्या हाती पडू नये, यासाठी २००७ च्या आवृत्तीपासून मान्यतेची ही पायरी आली. मान्यता नसलेल्या क्लायंटची काही कामे चालू दिसतात. परंतु गोपनीय मजकुराची धोरणे त्यास मिळत नाहीत. वितरण-सर्व्हरवरील फाइली घेण्यासाठी खास खाते नेमलेले असेल, तर त्या खात्याची माहितीही अशाच धोरणातून जाते. वर्कग्रुपमधील संगणक त्या खात्यावर अवलंबून असल्यास त्याचे काम तेथेच अडते. ज्या संगणकांना संस्थेच्या प्रमाणपत्र-यंत्रणेने स्वतंत्र प्रमाणपत्र दिले आहे आणि जे तेच वापरतात, त्यांस या मान्यतेची गरज नसते. त्यांची ओळख त्या प्रमाणपत्रानेच पटते.

मान्यतेचे तीन पर्याय उपलब्ध आहेत : प्रत्येक संगणकास हाताने मान्यता देणे; विश्वासातील डोमेनमधील संगणकांस आपोआप मान्यता देणे; आणि सर्वच संगणकांस आपोआप मान्यता देणे. यांपैकी दुसरा पर्याय मुळातच लागू केलेला असतो व बहुतेक ठिकाणी तोच योग्य ठरतो. वर्कग्रुपमधील संगणकांस मात्र त्यात हातानेच मान्यता द्यावी लागते.

तपासणीचा क्रम

प्रथम संगणक डोमेनमध्ये आहे की वर्कग्रुपमध्ये, हे निश्चित करावे. वर्कग्रुपमधील असल्यास त्या यंत्राची खातरजमा करून व्यवस्थापकाने यादीत मान्यता नोंदविली, की प्रश्न बहुधा सुटतो. अशा संगणकावर प्रणाली नव्याने बसविल्यास मान्यताही पुन्हा पाहावी.

संगणक डोमेनमधील असूनही मान्यता मिळत नसेल, तर ओळख पटण्यात कोठे अडथळा येतो ते शोधावे. अशा वेळी सर्वांत आधी घड्याळ पाहावे. विंडोजच्या डोमेनमधील ओळखपद्धतीत दोन्ही बाजूंच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक तफावत सामान्यतः चालत नाही. मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपलेला जुना संगणक एवढ्यानेच अडू शकतो. येथे हेही लक्षात ठेवावे, की सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळविण्यास सांगितले आहे. त्यानंतर सर्व्हरच्या नावाचा पत्ता बरोबर लागतो की नाही, तसेच दोन डोमेनमध्ये परस्परविश्वास प्रस्थापित आहे की नाही, हे तपासावे.

तिसरे कारण म्हणजे एकाच संगणकाच्या नकला. एका यंत्राची प्रतिमा करून ती अनेकांवर उतरविताना मूळ यंत्रातील क्लायंटची प्रमाणपत्रे आधी काढली नाहीत, तर अनेक संगणक एकच ओळख सांगू लागतात. एकाच यंत्राच्या दोन नोंदी परस्परांशी विसंगत ठरल्यास त्यांचाही निर्णय करावा लागतो. शेवटी, संगणक हरवला म्हणून पूर्वी अडविला गेला होता काय, तेही पाहावे. अडविणे आणि मान्यता नसणे या भिन्न बाबी आहेत.

या तपासणीत लॉग फाइली उपयोगी पडतात. क्लायंटच्या बाजूस ‘क्लायंट आयडी मॅनेजर स्टार्टअप’ आणि सर्व्हरच्या बाजूस ‘एमपी रजिस्ट्रेशन मॅनेजर’ या दोन फाइलींत नोंदणीचा व मान्यतेचा वृत्तांत सापडतो.

सोपा पण धोक्याचा मार्ग

अडचणी वाढल्या, की ‘सर्वांस आपोआप मान्यता’ हा पर्याय निवडण्याचा मोह होतो. त्याने तक्रारी थांबतील. परंतु जाळ्यास जोडलेल्या कोणत्याही अनोळखी यंत्रास गोपनीय धोरणे मिळण्याची वाट मोकळी होईल. उलटपक्षी, मान्यतेविना संगणक महिनोन्‌महिने पडू देणे हेही तितकेच घातक आहे. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने १२ मे २०१७ रोजी जगभर हाहाकार उडविला, त्यापूर्वीच, १४ मार्च रोजी, मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरील दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. ज्या यंत्रांपर्यंत ती पोहोचली नव्हती, अशी असंख्य यंत्रे त्यात बळी पडली.

यास्तव गावोगावच्या कार्यालयांतील संगणकांची अधिकृत सूची मुख्यालयात असावी, तीत यंत्राचा क्रमांक व जबाबदार कर्मचाऱ्याचा हुद्दा नमूद असावा, आणि ‘अप्रूव्हड’ हा रकाना ठराविक दिवशी त्या सूचीशी ताडून पाहावा. सूचीत असलेल्या संगणकास विनाविलंब मान्यता द्यावी. सूचीत नसलेल्याची चौकशी करावी. मान्यता ही केवळ एक कळ दाबण्याची औपचारिकता नसून, अमुक यंत्र आपले आहे अशी ती विभागाने दिलेली ग्वाही असते. ती पडताळणीनंतरच दिली जावी. मात्र पडताळणी झाल्यावर दूरच्या कार्यालयास तिच्यासाठी ताटकळत ठेवू नये.