कणीक कोण मळत होतं?

मैत्रिणींनो, आज तुम्हाला एक गणित घालते. शाळेत मुलांना घालते तसेच, अगदी सोपे. वीस माणसे, दोन वेळची जेवणे, माणशी चार चपात्या. किती झाल्या? १६०. त्यात घरच्यांच्या तीस मिळवा, म्हणजे १९०. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ५७,०००. आणि अशी सात वर्षे? ३,९९,०००! चार लाखांना फक्त हजार कमी.

हे गणित कुठल्या पुस्तकातले नाही. माझ्या सासूबाईंचे आहे. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, १९७५ पासून १९८२ च्या संपापर्यंत त्यांनी वीस गिरणी कामगारांची खानावळ चालवली. त्यानंतरही हात थांबले नाहीतच, पण तो हिशेब पुढे येईल. सासूबाई २०२३ साली गेल्या. मुंबईबाहेरून सून म्हणून आलेली मी पोळीला पोळी म्हणायची, त्या चपाती म्हणायच्या. त्यांच्या हिशेबात चपातीच शोभते, म्हणून इथेही चपातीच लिहिते.

ज्यांनी गिरणगाव पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली निघाली आणि मग घाटावरून, कोकणातून माणसे येतच राहिली. बायकामुले गावी, शेतावर. पुरुष इथे एका गाळ्यात पंधरा-वीस जण मिळून राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागी पथारी पसरायची. ह्या माणसांना जेवू कोण घालणार? तर चाळीतलीच एखादी बाई. तिचे हे काम कधी कुणी ‘धंदा’ म्हणून मोजले नाही. “ती काय, घरात बसून चार माणसांचं जेवण करते,” एवढेच बोलले जायचे. पैसे महिन्याच्या शेवटी मिळणार, पण तांदूळ, डाळ, रॉकेल आजच लागणार. मग वाण्याची उधारी, नाही तर सावकाराचे व्याज. ह्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तोवर बँकेच्या पायरीवर पाऊल ठेवायची ह्या बायकांची हिंमतच नव्हती.

प्रत्येकाची आई वेगळी

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या आधी माझ्या थोरल्या दिरांनी सुचवले, आईच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढू या. नातेवाइकांना वाटायला चाळीस प्रती पुरेत. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, अर्धवेळ का होईना शिकवणारी. साहजिकच लिहायचे काम माझ्याकडे आले. एका रविवारी सगळे आमच्याकडे जमले. चहाची दोन आधणे झाली, कांदेपोह्यांची परात रिकामी झाली आणि मी वही उघडून बसले.

थोरल्या दिरांना आठवली ती हिशेबाची आई. सासूबाई जेमतेम चौथी शिकलेल्या. कोणी जेवायला आले नाही तर त्याचा खाडा त्या कोळशाने भिंतीवर रेघ ओढून मांडायच्या. रात्री भावोजी, तेव्हा सात-आठ वर्षांचे, त्या रेघा वहीत उतरवायचे. “एकाही गड्याचा एक खाडा आईनं कधी खाल्ला नाही,” ते अभिमानाने म्हणाले. “पगार झाला की माणसं आपणहून पैसे आणून द्यायची.”

आमच्या ह्यांना आठवली ती फीची आई. हे शेंडेफळ, १९८१ चा जन्म. खानावळीच्या भराच्या दिवसांतले ह्यांना काहीच आठवत नाही. ह्यांची आई म्हणजे क्लासची फी वेळेवर भरणारी, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवणारी आणि निकाल लागला की अख्ख्या मजल्यावर पेढे वाटणारी.

दोघांचेही शेवटचे वाक्य मात्र एकच. “आईनं सगळं एकटीनं केलं.”

मी ते वाक्य लिहून घेतले. पुस्तिकेचा शेवट म्हणून छान शोभेल असेच होते ते.

तेवढ्यात कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या वन्सं, मान वरही न करता, म्हणाल्या, “एकटीनं नाही. कणीक मी मळत होते.”

१९८२ चा जून महिना

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गिरण्यांचे काय झाले, कामगारांचे काय झाले, जमिनींचे काय झाले. पण चुलीचे काय झाले हे मला वन्संकडून कळले.

मामंजी साचेखात्यात होते. त्यांचा पगार थांबला. खानावळीतले वीसपैकी चौदा गडी ‘चार दिवसांत मिटेल’ म्हणत गावी गेले, ते परत आलेच नाहीत. उरले सहा, आणि तेही उधारीवर. सासूबाईंना ‘नाही’ म्हणवेना. वर्षानुवर्षे आपल्या हातचे खाल्लेल्या माणसाला उपाशी कसे ठेवायचे? मंगळसूत्राच्या वाट्या गहाण पडल्या, गळ्यात काळे मणी तेवढे राहिले. वाण्याने हात आखडता घेतला. तेव्हा सासूबाईंनी दादरला दोन घरी स्वयंपाकाचे काम धरले. पहाटे पाचला निघायच्या, परतेपर्यंत दुपारचा एक.

मग सहा गड्यांचे आणि घरातल्या पाच जणांचे कोण करणार?

वन्सं तेव्हा बारा वर्षांच्या. सहावी पास झालेल्या. सातवीची जुनी पुस्तके शेजारणीच्या मुलीकडून आणून, त्यांना कव्हरेसुद्धा घालून ठेवली होती. जूनमध्ये शाळा उघडली. थोरला भाऊ नववीत गेला. वन्सं गेल्या नाहीत.

“कुणी शाळा सोड म्हणून सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी आई म्हणाली, आजचा दिवस बघ. दुसऱ्या दिवशीही तेच. मग पंधरा दिवसांनी तीही विचारीना, मीही.”

पुन्हा गणित घाला, मैत्रिणींनो. सहा गडी, दोन वेळा, चार चपात्या, म्हणजे ४८. घरच्या तीस. रोजच्या ७८ चपात्या, बारा वर्षांच्या मुलीच्या हातच्या, आणि कडेवर वर्षाचा भाऊ, म्हणजे आमचे हे! परातीत हात पुरायचे नाहीत म्हणून त्या गुडघ्यांवर बसून, अंगाचा भार टाकून कणीक मळायच्या. स्टोव्हला पिन मारताना भडका उडून भाजलेला डाग आजही उजव्या मनगटावर आहे. तो डाग मी लग्नापासून पाहत आले आहे. त्या दिवशी त्याची तारीख कळली.

“दोन्ही लिही”

खोलीत कुणी काही बोलेना. थोरले दीर जरा वेळाने म्हणाले, “ताई, हे खरं आहे. पण पुस्तिकेत नको. गेलेल्या माणसामागं असं लिहू नये. लोक म्हणतील, आईनं पोरीची शाळा सोडवली.”

“सोडवलीच होती,” वन्सं शांतपणे म्हणाल्या. “आणि नंतर भरूनही दिली. तुम्हाला माहीत नाही.”

हे खरोखरच कुणाला माहीत नव्हते. २००४ सालच्या डिसेंबरात सासूबाई अचानक पिशवी भरून डोंबिवलीला वन्संकडे गेल्या आणि चांगल्या चार महिन्यांनी परतल्या. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच लावला गेला होता, की थोरल्या जाऊबाईंशी काही बिनसले आणि म्हातारी रुसून गेली. जाऊबाईंनी कुणाला उलट उत्तर दिले नाही, पण बोल मात्र बिचाऱ्यांनी अठरा वर्षे सोसला.

खरी गोष्ट अशी होती. चौतिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई असताना, वन्संनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे ठरवले होते. नापास झालो तर भाऊ हसतील, म्हणून कुणाला सांगायचे नाही अशी आईला शपथ घातली होती. सासूबाईंनी ती पाळली. सगळ्यांच्या मनात सुनेबद्दल गैरसमज झाला तरी पाळली! ह्यात जाऊबाईंवर अन्याय झाला तो झालाच. “माझ्यासाठी बोल तुम्ही खाल्लात, वहिनी,” म्हणून वन्संनी त्या दिवशी त्यांचे हात धरले. जाऊबाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या, “अगं, आधी सांगितलं असतंस तर डबा मीही पाठवला असता.”

डोंबिवलीला गेल्या दिवशी सासूबाईंनी परात पुढे ओढली आणि म्हणाल्या, “आता कणीक मी मळते. तू पुस्तक धर.”

चार महिने त्यांनी त्या घरचा स्वयंपाक केला, नातवंडांना शाळेत सोडले, आणले. रात्री लेक बीजगणित सोडवायची तेव्हा ह्या समोर बसून शेंगा फोडायच्या. समजत काही नव्हते, पण झोपायच्या नाहीत. मार्च २००५ च्या परीक्षेत वन्संना ५२ टक्के मिळाले. पुढे एका बालवाडीत त्यांना नोकरी लागली. निकाल कळला तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, “तुझं माझ्याकडं येणं होतं. सगळं नाही फिटलं.”

वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दोन्ही लिही. शाळा सुटली तेही आणि भरून दिली तेही. नुसतं एक लिहिलंस तर ती माझी आई नव्हे.”

पुस्तिकेत दोन्ही आले. थोरल्या दिरांनी स्वतः मुद्रिते तपासली. ‘आईने एकटीने केले’ हे वाक्य त्यांनीच खोडले आणि तिथे वन्संचे नाव लिहिले.

तुमच्या घरची वही

मी हे का सांगते आहे? आपण आईची थोरवी गातो तेव्हा ‘एकटीने’ हा शब्द फार सहज येतो. ऐकायला गोड लागतो. पण त्या एका शब्दाखाली घरातली एखादी ताई, एखादी आत्या, लवकर विधवा होऊन आलेली एखादी मावशी झाकली जाते. आणि आईची खरी ओढाताणही झाकली जाते. देवी केली की तिला काय निवडावे लागले हे विचारायचे कारणच उरत नाही.

हे जुने झाले असे समजू नका. २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७, असे तीत दिसले. जवळजवळ पाच तास, आणि तेही बिनपगारी. बाहेर हे काम कुणी मोजत नाही, तर निदान घरात तरी मोजू या.

तुमची आई, सासू, आजी असेल तर आजच एक दोनशेपानी वही घ्या. माझ्या अनुभवावरून काही गोष्टी सुचवते.

१. प्रत्येक भावंडाला एकेकटे गाठून विचारा. चारचौघांत मोठा भाऊ बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात.

२. घरातल्या थोरल्या मुलीला सर्वांत आधी विचारा. आईच्या हाताखाली तीच असते.

३. “आई कशी होती?” असे विचारू नका, “प्रेमळ होती” एवढेच उत्तर मिळेल. दिवस कितीला सुरू व्हायचा, पाणी कुठून यायचे, किती माणसे जेवायची, पैसे कुठे ठेवायची, गहाण काय पडले, सोडवले कधी, हे विचारा. आकडे आले की आठवणी मागोमाग येतात.

४. तिच्या रेसिपी तिच्याच मापात लिहा. मूठ असेल तर मूठ, ‘चहाचा फुटका कप’ असेल तर तोच. नंतर त्या कपात किती मावते ते मोजून शेजारी लिहा.

५. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल घाला. पेनाची शाई पुढे उमटते.

६. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर भांडू नका आणि एक खोडूही नका. दोन्ही लिहा.

आणि आई हयात असेल तर ह्या सगळ्यांच्या आधी तिलाच विचारा. पहिल्या दिवशी ती म्हणेल, “माझं काय एवढं लिहायचंय?” ऐकू नका. तिच्या शेजारी भाजी निवडायला बसा, हात चालू राहू द्या आणि हळूच विचारा, “तुला शिकायचं होतं का गं?” ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवा, आणि पानाच्या वर तिचे माहेरचे नाव लिहायला विसरू नका. पुष्कळ घरांत ते कुणालाच ठाऊक नसते.