जनपदोद्ध्वंसापासून जागतिक आरोग्यापर्यंत

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी पदवीच्या काळात अभ्यासला आहे. प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असणारी माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का दगावतात, हा अग्निवेशाचा प्रश्न. वायू, उदक, देश व काळ हे चार भाव सर्वांना समान असतात आणि त्यांच्या विकृतीने जनपदाचा विध्वंस होतो, हे भगवान आत्रेयांचे उत्तर. आज जागतिक सार्वजनिक आरोग्य या नावाने ओळखली जाणारी विद्याशाखा हाच प्रश्न विचारते. तिचे साधन मात्र गणना व तुलना हे आहे.

या साधनाचे सामर्थ्य महाराष्ट्राने अनुभवले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एम.पी.एच. पदवी घेतली आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था उभारली. ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण देण्यात आले आणि शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर पोहोचली. तुलनेची गावे नसती, तर हे कार्य एका जिल्ह्यापुरते स्तुत्य ठरून राहिले असते.

औषधनिर्मात्यांनी दुसरे उदाहरण ध्यानात घ्यावे. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक लेख आला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद किंवा सोमल आढळल्याचे त्यात नमूद होते. अशा लेखास शोधन-मारणाचे केवळ ग्रंथोक्त समर्थन पुरत नाही. प्रत्येक घाणीची तपासणी, मात्रेची नोंद आणि रुग्णांच्या रक्तातील धातूंचे मापन, हीच त्याची उत्तरभाषा आहे. ती जाणणारे वैद्य आपल्यात किती आहेत?

नव्या पदवीधरांस मार्ग उपलब्ध आहेत. भारतातील अनेक एम.पी.एच. अभ्यासक्रमांना बी.ए.एम.एस. पदवी ग्राह्य धरतात. मुदत बहुधा दोन वर्षांची असते. ब्रिटनमध्ये ती साधारण एक वर्षाची असून चेव्हनिंगसारखी शिष्यवृत्ती कार्यानुभव असलेल्यांस मिळू शकते. साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, आरोग्यधोरण व आरोग्य-अर्थशास्त्र हे मुख्य विषय होत. मात्र ही पदवी चिकित्सेचा नवा परवाना देत नाही. जागतिक संस्थांतील पदे मोजकी व पुष्कळदा कराराची असतात, आणि तेथे प्रत्यक्ष क्षेत्रानुभवास मोठे वजन असते. म्हणून कर्ज काढून परदेशी जाण्यापूर्वी एखाद्या ग्रामीण प्रकल्पात दोन-तीन वर्षे काम करणे हिताचे.

काळ अनुकूल आहे. २०२२ साली जामनगर येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक वैद्यक केंद्राची पायाभरणी झाली. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेदीय व्याधिसंज्ञांनाही स्थान मिळाले आहे. परंतु या संज्ञांखाली रुग्णसंख्या भरण्याचे काम चिकित्सालयांतच व्हावयाचे आहे.

वैद्यमित्रहो, आपल्या मुलामुलींपैकी, शिष्यांपैकी एखाद्यास ही वाट दाखवावी. तोवर आपल्या रुग्णवहीत वय, गाव, निदान, औषधाची मात्रा व परिणाम एवढे पाच रकाने तरी नियमाने भरावेत. जनपदाचा विचार तेथूनच सुरू होतो.