विस्तव विझला, जिवाणू जागे

शनिवारी रात्री १० वाजता टेक्सासातल्या एखाद्या परसात स्मोकर पेटतो. आत डुकराच्या खांद्याचा ४ किलोंचा तुकडा, मीठ-मिरी-साखर चोळलेला. आतली हवा ११० अंश सेल्सिअस, हिकरीच्या लाकडाचा मंद धूर. यजमान निवांत झोपतो. आणि पहाटे २ च्या सुमारास लाकडाच्या गोळ्या विस्तवाकडे ढकलणारा मळसूत्री दांडा अडकतो. साडेसहाला झाकण उघडावं तर धूर नाही, जाळी गार, मांसातला थर्मामीटर ४१ अंश दाखवतोय. दुपारी २० पाहुणे जेवायला.

अशा वेळी पहिला विचार एकच येतो. पुन्हा पेटवू, ९५ अंशांपर्यंत नेऊ, जे काय असतील ते जंतू मरतील. आपल्याकडेही रात्रभर ओट्यावर राहिलेला मटणाचा रस्सा सकाळी 'खळखळून उकळला' की झालं, असं मानणारी घरं कमी नाहीत. हा हिशेब निम्माच बरोबर आहे.

अमेरिकेचं कृषी खातं ४ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा मानतं. या पट्ट्यात अन्न २ तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेर ३२ अंशांहून जास्त उकाडा असेल तर १ तासच. नियम कडक वाटतो, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचा वेग पाहिला की कडक वाटेनासा होतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही जगतात. ४३ ते ४६ अंशांच्या कोमट मांसात ते उगवले की साधारण दर १० मिनिटांनी दुप्पट होतात. तासाभरात एकाचे ६४, तीन तासांत अडीच लाखांहून जास्त. विस्तव विझल्यावर हळूहळू निवणारा मांसाचा मोठा गोळा नेमका याच तापमानातून जातो, तोही तासन्‌तास.

धड, अखंड तुकड्याच्या आत सहसा जिवाणू नसतात, ते पृष्ठभागावर असतात. आणि चार तासांच्या आचेत वरचे बहुतेक मेलेले असतात. म्हणून 'आम्ही असं मांस खाल्लं, काही झालं नाही' म्हणणारे खोटं बोलत नसतात. पण सुईने खारवणी आत टोचली असेल, किंवा थर्मामीटरच कच्च्या मांसात आरपार खुपसला असेल, तर वरचं आत गेलेलं असतं. विस्तव पहिल्या तासाभरातच विझला तर परिस्थिती आणखी वाईट, कारण तेव्हा वरचेही पुरते मेलेले नसतात.

परफ्रिंजेन्सच्या वाढलेल्या पेशी ७४ अंशांपर्यंत नीट तापवलं की मरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची गोष्ट वेगळी. हा माणसाच्या नाकात, हाताच्या जखमेत राहतो, मिठालाही दाद देत नाही, आणि वाढताना अन्नात विष सोडतो. उकळल्यावर जिवाणू मरतो, विष तसंच राहतं. बॅसिलस सिरियसचं ओकारी आणणारं विष तर प्रेशर कुकरलाही पुरून उरतं. वास, रंग, चव, कशातच फरक कळत नाही. आणि मांसावरची गुलाबी कडा शिजल्या-न शिजल्याची खूण नसून धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडची किमया असते.

धूर मांस राखतो, हा समज जुना आहे. पण डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियमच्या एलेझेल गावात अंत्ययात्रेला आलेल्या वादकांनी खारवून धुरावलेलं, न शिजवलेलं हॅम खाल्लं; तिघे दगावले. त्याच हॅममधून जिवाणूशास्त्रज्ञ एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी बोटुलिझमचा जिवाणू वेगळा केला. गोव्याचा चोरीस हा सॉसेज टिकतो तो मीठ, व्हिनेगर आणि सुकवणं यांच्या जोरावर. धूर त्यांचा सोबती. परसातल्या स्मोकरचा धूर चवीपुरताच.

तेव्हा साडेसहाच्या ४१ अंशांना उत्तर एकच, मांस टाकून द्यायचं. आत्ताचं तापमान कळलं, पण ते ६० च्या खाली कधी उतरलं हे सांगणारं कुणी नाही. तापमान घसरताच फोनवर भोंगा वाजवणारा थर्मामीटर लावला असता तर सव्वादोनला जाग आली असती. एक सांगायला हवं: ७० च्या आसपास काटा तासन्‌तास अडून बसला तर घाबरू नका, मांसाला सुटलेला घाम वाळताना ते गार राखतो, इतकंच. काटा खाली येऊ लागला तर मात्र उठा. आत ६० च्या वर असेल तर तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून घरातल्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर ठेवा आणि पुन्हा झोपा. धुराची चव पहिल्या तीन-चार तासांत बहुतेक लागून गेलेली असते.