दिसत नव्हती, पण उघडत होती

२५ डिसेंबर २०२१. शनिवारची संध्याकाळ. नातवंडं सुट्टीला आली होती, आत चहाचं आधण चढलं होतं आणि मी संगणकासमोर खुर्ची ओढून बसलो होतो. आपल्याकडे पाच वाजून पन्नास मिनिटं झाली आणि दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कुरू तळावरून एरियान-५ रॉकेट उडालं. त्याच्या टोकाशी घडी घालून बसवली होती जेम्स वेब अवकाश दुर्बीण. सत्तावीस मिनिटांनी ती रॉकेटपासून सुटली. रॉकेटवरच्या कॅमेऱ्यानं ती दूर जाताना दाखवली, तिचं सौर पॅनेल उन्हात चमकत उघडलं आणि चित्र संपलं.

"आजोबा, पुढचं कधी दाखवणार?" धाकट्यानं विचारलं.

"दाखवणार नाहीत. तिच्या अंगाकडे वळलेला एकही कॅमेरा तिच्यावर नाही."

"मग ती नीट उघडली की नाही ते कळणार कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पुढचे दोन आठवडे मी त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करत होतो, आणि आज आपल्याशी बोलणार आहे तेही त्याबद्दलच.

आधी ही घडी कशासाठी, ते पाहू. वेबचा मुख्य आरसा साडेसहा मीटर रुंद. रॉकेटच्या टोपणात जागा जेमतेम साडेचार मीटर. म्हणून आरसा अठरा षटकोनी तुकड्यांचा केला आणि त्याच्या दोन्ही बाजू कपाटाच्या दारांसारख्या मागे दुमडल्या. पण आरशापेक्षाही अवघड होता तो सूर्याचं ऊन अडवणारा पडदा. टेनिसच्या मैदानाएवढा, पाच पदरी, आणि त्यातला एकेक पदर केसाइतका पातळ.

एवढा पडदा कशाला? वेब पाहते ते अवरक्त किरण, म्हणजे एका अर्थी उष्णताच. आपल्याच हातात पेटता कंदील धरून काजवे शोधायला निघालो, तर काजवे दिसतील का? दुर्बीण स्वतः उबदार असेल तर तिचीच ऊब तिला आंधळी करील. म्हणून तिला कायम गर्द सावलीत ठेवायचं. पडदा पाच पदरी का, हे कोकणातल्या कौलारू घरात राहिलेल्यांना सांगायला नको. कौलं तापतात, पण कौलं आणि माळा यांच्यामधली पोकळी ती उष्णता खाली येऊ देत नाही. इथे तशाच चार पोकळ्या आहेत. एका पदरातून आलेली उष्णता दुसऱ्या पदरापर्यंत पुरती पोचण्याआधीच कडेनं अवकाशात निसटते. परिणाम असा की उन्हाकडची बाजू सुमारे ८५ अंश सेल्सियस, तर सावलीकडची बाजू उणे २३० अंशांच्या आसपास.

आता धोका काय होता? १९९० मध्ये हबल दुर्बीण वर गेली तेव्हा तिच्या आरशात दोष निघाला. पण ती पृथ्वीपासून सुमारे सहाशे किलोमीटरवर होती. १९९३ मध्ये अंतराळवीर गेले आणि तिला जणू चष्मा लावून आले. वेब निघाली होती पंधरा लाख किलोमीटरवर, चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर. तिथे दुरुस्तीला जाणारं कुणी नाही. आणि तिच्यात ३४४ जागा अशा होत्या, की त्यातली एक जरी अडली तरी सारी मोहीम धोक्यात यावी. जवळजवळ दहा अब्ज डॉलर आणि कित्येकांची वीस-पंचवीस वर्षं त्यावर लागलेली.

मग कॅमेरा का नाही लावला? अभियंत्यांनी तो विचार केला होता. पण उन्हाकडची बाजू इतकी लखलखती की नुसते डोळे दिपावेत, आणि सावलीकडे मिट्ट काळोख. शिवाय कॅमेरा आला की तारा आल्या आणि तारांबरोबर उष्णता आली.

तेव्हा बाल्टिमोरच्या नियंत्रण कक्षातल्या मंडळींकडे होते ते फक्त आकडे. मोटारला लागणारा विजेचा प्रवाह, ठिकठिकाणचं तापमान, खिट्टी बसली की दाबली जाणारी बटणं, आणि दुर्बीण किंचित जरी हलली तरी सांगणारे जायरोस्कोप. घरात आपण तरी काय करतो? कुकरचं झाकण उघडून कुणी बघत नाही. शिट्ट्या मोजतो, वास घेतो आणि भात झाला म्हणतो.

खरी कसोटी लागली ती ३१ डिसेंबरला. पडद्याचे दोन लांब हात बाहेर काढायचे होते. त्याआधी पडद्यावरचं आवरण गुंडाळून बाजूला व्हायला हवं. पण ते झालं असं सांगणारी बटणं वेळेवर बोललीच नाहीत. आता आवरण अडकलं की नुसती बटणंच गप्प बसली? मंडळींनी काम थांबवलं आणि बाकीचे साक्षीदार तपासले. एका जागचं तापमान पडद्याची सावली पडल्यासारखं बदललं होतं. जायरोस्कोपनं आवरण सुटताना बसावा तसाच धक्का नोंदवला होता. दोघांची साक्ष जुळली, तेव्हाच पुढची आज्ञा गेली. त्या दिवसाअखेर दोन्ही हात बाहेर आले होते आणि पडदा धरून ठेवणाऱ्या सगळ्या १०७ खिट्ट्या सुटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला, त्यांनी चक्क सुट्टी घेतली. थकलेल्या माणसाच्या हातून चूक होते आणि इथे चुकीला माफी नव्हती. मग काही मोटारी अपेक्षेपेक्षा गरम वाटल्या, तेव्हा दुर्बीण थोडी कलती करून त्या सावलीत घेतल्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एवढी घाई असताना थांबता येणं हेही एक कौशल्यच आहे.

३ जानेवारीला पदर ताणायला सुरुवात झाली. ४ तारखेला आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास पाचवा पदर ताणून बसला. ५ तारखेला मुख्य आरशासमोरचा छोटा आरसा आपल्या तिवईवर उभा राहिला. ७ आणि ८ तारखेला मोठ्या आरशाच्या दोन्ही बाजू उघडल्या. शेवटची खिट्टी बसली तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती. धाकटा केव्हाच आपल्या घरी गेला होता. सकाळी त्याला फोन करून सांगितलं, "उघडली रे!" तो म्हणाला, "तुम्ही पाहिलंत?" म्हटलं, "नाही. पण उघडली."

२४ जानेवारीला वेब मुक्कामी पोचली. त्यानंतर अठरा तुकड्यांचा एक आरसा व्हावा म्हणून महिनोन् महिने जुळवाजुळव चालली. सुरुवातीला सप्तर्षींच्या तारकासमूहातला एकच तारा अठरा ठिकाणी दिसत होता. सर्वांत थंड लागणारं उपकरण 'मिरी'. त्याच्या नासाकडच्या कामाच्या व्यवस्थापक होत्या मुंबईत शिकलेल्या कल्याणी सुखात्मे. त्या उपकरणाला पडद्याची सावलीही पुरत नाही. वेगळं शीतयंत्र लावून एप्रिल २०२२ मध्ये ते उणे २६६ अंशांच्याही खाली नेलं. आणि जुलैमध्ये पहिली छायाचित्रं आली. ती आपण वर्तमानपत्रांत पाहिलीच असतील.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन आठवड्यांत मिळालं. डोळ्यांनी दिसलं नाही तरी खात्री करता येते. मात्र एका साक्षीवर विसंबायचं नाही, दुसरी शोधायची, आणि ती जुळेपर्यंत थांबायची तयारी ठेवायची. वेब तरी आज दुसरं काय करते? दूरच्या ताऱ्यांपाशी कुणी गेलेलं नाही. त्यांची अंधूक ऊब आणि तिच्यातले बारीक फरक मोजूनच ती आपल्याला त्यांची हकिकत सांगते आहे.