ओरखडे मोजायचा दिवस

सकाळी ६:३०

कुत्र्यांच्या सांध्यात दुर्बिणीने शस्त्रक्रिया शिकवायची आमची कार्यशाळा नऊला सुरू होणार असली तरी माझा दिवस शीतगृहाच्या दाराशी सुरू होतो. उणे वीस अंशांवर ठेवलेले कुत्र्यांचे देह दोन दिवस आधी बाहेर काढून सावकाश वितळू द्यावे लागतात. घाई केली तर वरचं मांस मऊ पडतं आणि सांधा आतून गोठलेलाच राहतो. लॅब सांभाळणारे मामा प्रत्येक कोपर हातात धरून वाकवून बघतात. "सर, तीन नंबर अजून आखडलाय," ते म्हणतात. तो आम्ही दुपारच्या गुडघ्यासाठी ठेवतो.

त्यानंतर कागद. हे सगळे घरातले पाळीव कुत्रे. म्हातारपणाने किंवा आजाराने गेल्यावर मालकांनी सही करून देह दिलेले आहेत. प्रत्येक कागदावर मी दोन गोष्टी पुन्हा तपासतो, मृत्यूचं कारण आणि रेबीजच्या लसीची नोंद. गोठवल्याने रेबीजचा विषाणू मरत नाही, उलट टिकतो. आपल्या देशात हे विसरून चालत नाही. शिकायला येणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःही प्रतिबंधक लस घेतलेली असलीच पाहिजे. नसेल तर त्यांनी लांबून बघायचं, हात लावायचा नाही. या नियमावरून कुणी नाराज झालं तरी मी तो सैल करत नाही.

८:४५

भाषण थोडक्यात. आलेले सगळे रोज शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य, कोल्हापूर, नाशिक, पणजी, बेळगावचे. सांधा म्हणजे काय हे त्यांना सांगायला नको. पण एक जुनी गोष्ट मी मुद्दाम सांगतो. 1918 मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची नळी घेऊन माणसाच्या गुडघ्यात डोकावून पाहिलं. तो गुडघा मृतदेहाचा होता. कुत्र्यांच्या सांध्यातल्या दुर्बिणीवरचा सीमरिंग यांचा लेख 1978 चा. कोपर, खांदा आणि घोट्यात शिरायच्या वाटा नीट आखून दिल्या त्या बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात बर्नाडेट व्हॅन रायसेन आणि हेन्री व्हॅन ब्री यांनी, 1990 च्या दशकात. आपण आज करणार ते पहिल्यापासून याच क्रमाने होत आलं आहे. आधी मृतदेह, मग रुग्ण.

९:१५

आधी सराव. एक बंद काळा डबा, त्याला दोन भोकं. एकातून दुर्बीण आणि दुसऱ्यातून चिमटा घालायचा. आतले मणी उचलून एका वाटीतून दुसरीत टाकायचे, बघायचं मात्र समोरच्या पडद्यावर. सोपं वाटतं. पहिली दहा मिनिटं चिमटा पडद्यावर दिसतच नाही. तो आतच असतो, पण दुर्बीण भलतीकडे बघत असते.

आमची दुर्बीण समोर बघत नाही, हीच मुख्य अडचण. तिच्या टोकाची काच तीस अंशांत तिरकी असते. कॅमेरा स्थिर धरून प्रकाशाची केबल फिरवली की दुर्बीण जागची न हलता नजर गोल फिरते, आणि केबल ज्या बाजूला तिच्या उलट बाजूचं दिसतं. वाचून हे समजतं, पण हाताला यायला वेळ लागतो. "बघायचंय तिकडे दुर्बीण ढकलू नका, केबल फिरवा," हे वाक्य मी दिवसभर इतक्यांदा म्हणतो की संध्याकाळपर्यंत शिकणारेच ते एकमेकांना सांगायला लागतात.

१०:१५

पहिलं कोपर. एका टेबलावर दोघं. एकाने दुर्बीण धरायची, दुसऱ्याने पाय.

कोपरच का? कारण आपल्याकडे लॅब्राडोर घरोघरी आहेत आणि पाच-सात महिन्यांचं पिल्लू पुढच्या पायाने लंगडायला लागलं की बहुतेक वेळा दुखणं कोपरात असतं. कोपराच्या आतल्या बाजूला उल्ना हाडाचा एक छोटा उंचवटा असतो, कोरोनॉइड. तो तडकतो, कधी त्याचा तुकडा सुटतो. एक्स-रेवर हा तुकडा पुष्कळदा दिसत नाही. मालकाला सांगितलं जातं, कॅल्शियम कमी आहे. आणि मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला कॅल्शियमच्या बाटल्या सुरू होतात. तयार पिल्लांचं खाद्य खाणाऱ्या लॅब्राडोरला वरून कॅल्शियम देणं हाडांच्या वाढीला घातक आहे. हे मी प्रत्येक कार्यशाळेत मोठ्याने सांगतो, कारण अशी पिल्लं मी फार बघितली आहेत.

पाय टेबलाच्या कडेवर वाळूच्या पिशवीवर टेकवायचा आणि खाली दाबायचा, म्हणजे आतल्या बाजूने सांधा उघडतो. सुई घालून रिंगर लॅक्टेट भरायचं. सांधा भरला की सिरिंजचा दट्ट्या आपोआप मागे येतो. ती खूण मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. आतल्या एपिकॉन्डाइलपासून साधारण एक सेंटीमीटर खाली आणि अर्धा सेंटीमीटर मागे त्वचेवर छोटा छेद. त्यातून बोथट सळई घातलेली नळी आत सरकवायची. टोकदार सळई मी टेबलावर ठेवतच नाही. मग सळई काढून तिच्या जागी दुर्बीण घालायची. ती 1.9 मिलिमीटर जाडीची. तिच्यावर जोर टाकून हाड उचकटायला गेलं की आतल्या काचा तडकतात. हत्याराची वाट दुर्बिणीच्या पुढे, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर. पुढे मीडियन नर्व्ह आणि मागे अल्नर, म्हणून आधी सुई, सुई पडद्यावर दिसली की मगच ब्लेड.

पणजीच्या डॉक्टरांच्या पडद्यावर एकदम पांढरं, ओलं, चकचकीत काहीतरी उमटतं. "आत आहोत का, सर?"

"आहात. आता हलू नका. आधी बघा."

सगळ्यांनी पहिल्यांदा नुसतं बघावं, हा माझा आग्रह. समोर ह्यूमरसचा, म्हणजे दंडाच्या हाडाचा गोलावा, खाली रेडियस, त्याच्या शेजारी कोरोनॉइड. निरोगी कूर्चा कशी दिसते हे डोळ्यांत बसलं नाही तर आजारी कूर्चा ओळखता येणार नाही.

अकराच्या सुमाराला दोन टेबलांवर तेच घडतं जे नेहमी घडतं. पाणी सांध्यातून निसटून भोवतालच्या मांसात शिरतं, कोपर फुगतं, बाहेरच्या खुणा हरवतात आणि आतली जागा आवळते. नळी अर्धवट बाहेर सरकलेली असते किंवा पाणी बाहेर जायची सुई तुंबलेली. यावर युक्ती नाही. मांस एकदा फुगलं की तिथे शिकण्यासारखं फार उरत नाही, दुसरा पाय घ्यायचा. जिवंत रुग्णात अशा वेळी सांधा उघडून काम पुरं करावं लागतं. त्याची तयारी आधीच ठेवायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

१२:३०

कार्यशाळा घ्यायची ती या तासासाठी. सगळ्यांना वाटत असतं आता जेवण. मी म्हणतो, हत्यारं खाली ठेवा आणि कोपर उघडा.

स्नायू बाजूला करून सांधा पूर्ण उलगडायचा. ब्रशने कूर्चेवर काळी शाई, म्हणजे इंडिया इंक, लावायची. थोडं थांबून पाण्याने धुवायची. अखंड कूर्चेवर शाई टिकत नाही, ती पुन्हा पांढरी दिसते. जिथे पृष्ठभाग खरवडला गेला असेल तिथे शाई बसते. नळी आत जाताना कुठे घासली, प्रोब, म्हणजे चाचपायची सळई, कुठे घसरला, दुर्बीण कुठे टेकली, सकाळचा सगळा हिशेब काळ्या रेघांत समोर येतो.

खोलीत एकदम बोलणं थांबतं. कोल्हापूरच्या डॉक्टर वाकून बघतात. ह्यूमरसवर दोन लांब रेघा. "पण मला तर पडद्यावर काहीच लागल्याचं दिसलं नाही," त्या म्हणतात. बरोबर आहे. आत शिरतानाचा पहिला ओरखडा पडतो तेव्हा दुर्बीण अजून नळीत नसतेच. तो दिसत नाही, म्हणून सुधारतही नाही.

त्वचा शिवली की भरते, हाडाला प्लेट लावली की जुळतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची जखम पूर्वीसारखी भरून येत नाही. सात महिन्यांच्या पिल्लाच्या कोपरात पडलेली रेघ ते पिल्लू म्हातारं होईपर्यंत सोबत वागवतं. म्हणून शिकतानाच्या रेघा इथे, या टेबलावर पडल्या पाहिजेत. लहान छेद, कमी वेदना, लवकर चालणं हे दुर्बिणीचे सगळे फायदे खरे आहेत, पण धरणारा हात तयार असेल तरच. व्हिडिओ बघून थेट रुग्णावर सुरुवात करणं मला मान्य नाही, आणि ते मी तिथेच सांगतो.

प्रत्येक टेबलाने आपल्या रेघा मोजून फळ्यावर लिहायच्या. नावं नाहीत, फक्त टेबलाचा क्रमांक.

दुपारी २:००

जेवण उशिरा होतं. गप्पा सगळ्या पैशांच्या. कॅमेरा, प्रकाशाचा स्रोत, मॉनिटर, दुर्बीण मिळून लाखांचा खर्च, तालुक्याच्या गावात तो कधी वसूल व्हायचा? दोन-तीन जणांनी मिळून एक संच घ्यावा असं माझं मत. त्यावर वाद होतात.

२:४५

गुडघा. इथे जागा कोपरापेक्षा मोठी, तरी दिसत काही नाही, कारण समोर चरबीची गादी पसरलेली असते. शेव्हरने ती थोडी साफ केली की क्रूशिएट लिगामेंट दिसतात. मग आतला मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची चकती. तो नुसता बघून भागत नाही, प्रोबने खालून उचलून ओढून बघावा लागतो, फाटका भाग तेव्हाच वर येतो. सकाळचे हात आता पुष्कळ शांत झालेले असतात. तीन नंबरही वितळलेला असतो.

शेवटच्या अर्ध्या तासात सकाळी न वापरलेलं कोपर पुन्हा एकदा, आणि पुन्हा शाई. बहुतेक टेबलांवर रेघा कमी होतात. एका टेबलावर होत नाहीत. त्या दोघांना मी उद्या सकाळी आठला बोलावतो, त्यांच्यासाठी एक पाय शिल्लक ठेवला आहे.

५:१५

दुर्बिणी धुणं हे मामांचं काम, पण सगळ्यांनी उभं राहून बघायचं. धुताना एका भांड्यात एकच दुर्बीण, तिच्यावर दुसरं हत्यार नाही. देह पिशव्यांत बांधून, कागदांशी क्रमांक जुळवून दहनासाठी जातात. ती यादी मी स्वतः वाचतो.

६:००

जाताना बेळगावचे डॉक्टर मोबाईल पुढे करतात. सहा महिन्यांची लॅब्राडोर, टाइल्सवर डावा पुढचा पाय आखडून चालते. "सर, पुढच्या महिन्यात आमचा संच येतोय. हिच्यावरच सुरुवात करू?"

"नको, डॉक्टर. तिला आत्ता कॅल्शियम चालू आहे का, ते आधी विचारा. असेल तर बंद करा. वजन बघा. दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढा, प्रत्येक कोपराचा एक तरी पाय पूर्ण दुमडून, आणि मला पाठवा. सीटी लागला तर तिला इकडे घेऊन या. कोपर मी करेन, कॅमेरा तुम्ही धरा."

ते मालकांना तिथूनच फोन लावतात.