चरखा, ग्रीक भाषा आणि पदार्थविज्ञान

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न : सायन्स की आर्ट्‌स? जणू एक दार उघडले की दुसरे कायमचे बंद! पण पदार्थविज्ञान शिकणाऱ्याने इतिहास, भाषा, अर्थशास्त्र यांकडे पाठ फिरवलीच पाहिजे काय?

आपल्या वर्ध्याचा चरखाच घ्या. समजा, त्याच्या चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर आणि चातीवर दोरी बसते तेथील व्यास १ सेंटिमीटर आहे. दोरी घसरली नाही, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती ५० वेळा फिरेल. कापसाच्या तंतूंना पीळ बसतो, ते एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढते आणि सुट्या तंतूंचे मजबूत सूत होते. हे झाले पदार्थविज्ञान. पण हाच चरखा स्वातंत्र्यलढ्याचे चिन्ह का बनला, हे न्यूटनचे नियम सांगणार नाहीत; ते इतिहास सांगेल. कातणाऱ्याच्या पदरी काय पडते, हे अर्थशास्त्र सांगेल. वस्तू एक, प्रश्न तीन!

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या ‘नयी तालीम’ने शालेय विषय असेच एका हस्तोद्योगाभोवती गुंफले. विषयांच्या भिंती ठेंगण्या करण्याचा विचार अमेरिकेतील ‘लिबरल आर्ट्‌स’ कॉलेजांत वेगळ्या रीतीने, पदवीच्या पातळीवर दिसतो. तेथे पदार्थविज्ञान हा मुख्य विषय घेणारा विद्यार्थी साहित्य, इतिहास, संगीतही शिकतो.

अशाच ओबर्लिन कॉलेजात रॉबर्ट मिलिकन शिकत होता. त्याचा ओढा ग्रीक भाषेकडे. १८८९ मध्ये ग्रीकच्या प्राध्यापकांनीच त्याला प्राथमिक पदार्थविज्ञान शिकवायला सांगितले. हा विषय आपल्याला येत नाही, असे तो म्हणाला. पण ज्याला ग्रीक चांगले जमते त्याला हेही जमेल, असा प्राध्यापकांचा विश्वास! मिलिकनने उन्हाळ्याच्या सुटीत पाठ्यपुस्तक घेऊन उदाहरणे सोडवली. पुढे याच मिलिकनने तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला आणि १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

यातून ‘ग्रीक शिका, नोबेल मिळवा’ असा अर्थ मात्र काढू नका. उदाहरणे सोडवण्याचे कष्ट त्यालाही चुकले नाहीत. गणिताचा सराव आणि प्रयोगशाळेतील तासन्‌तासांची चिकाटी यांना पर्याय नाही. इतर विषय त्यांची जागा घेत नाहीत. ते प्रश्न विचारण्याची दृष्टी देतात.

आपल्याकडे बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि गणित असे तीन विषय घेण्याची वाट जुनीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुसऱ्या शाखेतील विषयही घेण्याची सोय पुढे आणली. म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा. प्रयोग विद्यार्थी स्वतःच्या हाताने करतात का? ग्रंथालयातील पुस्तके सहज हाती पडतात का? आणि माहितीपत्रकातील इतर शाखांचे विषय शिकवायला खरोखर शिक्षक आहेत का? इमारतीच्या उंचीपेक्षा या तीन उत्तरांवरून कॉलेजची पारख अधिक चांगली होते.